लूकचा तेरावा अध्याय आणि आमची वाळलेली बाग

देव कसा आहे हे मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. म्हणजे चर्चच्या शब्बाथ शाळेत सगळं पाठ होतं. ‘देव प्रीती आहे’, योहानाचं पहिलं पत्र, अध्याय चौथा. पाठांतराच्या स्पर्धेत मला एकदा स्टीलचा डबाही मिळाला होता. पण वचन तोंडपाठ असणं वेगळं आणि रात्री लाइट गेल्यावर अंथरुणात देवाची आठवण झाली की पोटात काय व्हायचं ते वेगळं. माझ्या मनातला देव उधारी लिहिणाऱ्या किराणा दुकानदारासारखा होता. बोलायला गोड, पण वही कायम उघडी, आणि वसुली कधी निघेल याचा नेम नाही. मार्क कमी पडले, ताप आला, घरची शेळी मेली, की मी मागे जाऊन शोधायची: आपण काय केलं होतं?

आमच्या घरात हे सगळ्यांचंच होतं, बोलून कुणी दाखवत नव्हतं. आणि आज विचार केला की वाटतं, ते फार जुनं होतं. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं त्या काळातलं. शेषाद्री स्वतः ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. पण त्यांच्या हाकेला ओ देऊन जे आले त्यांत गावकुसाबाहेरचे पुष्कळ होते, आणि आमचे पणजोबा त्यांतलेच. त्याआधी घरात मरीआई होती. पटकीची साथ आली की देवी कोपली म्हणायचं, आणि कुणाच्या हातून काय कमी पडलं ते शोधायचं. बाप्तिस्म्यानंतर मरीआईचा देव्हारा गेला. कोप मात्र घरातच राहिला आणि नव्या देवाच्या नावावर चढला. त्यात पाटील, सावकार, निजामाचे अंमलदार यांच्यापुढे मान खाली घालून उभं राहायची पिढ्यांची सवय. वरचा माणूस म्हटला की तो मागणार, नाहीतर मारणार. आकाशातला बापही आम्ही त्याच नजरेनं बघितला, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. आजीच्या बोलण्यावरून मी लावलेला हा अर्थ आहे.

लहानपणीची एक गोष्ट मात्र नीट आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं बसली. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. हजारो माणसं झोपेतच गेली. आमच्या चर्चच्या मंडळीनं ज्वारी, चादरी, जुने कपडे गोळा केले आणि मोठी माणसं ट्रकबरोबर गेली. पुढे काही दिवसांनी बाहेरगावचे एक प्रचारक आले आणि त्यांनी भर उपासनेत सांगितलं, की ही मूर्तिपूजेची शिक्षा, म्हणून तर नेमकी विसर्जनाच्या रात्री झाली. मंडळीत कुणीतरी ‘आमेन’ म्हटलं. माझ्या शेजारी बसलेली आजी पुटपुटली, “लेकरं बी होती की रं त्यात.” एवढंच. तेव्हा मला आजीचं वाक्य देवाच्या विरोधातलं वाटलं आणि मी घाबरले.

खरा घाव बसला तो २०१२-१३ च्या दुष्काळात. जालना म्हणजे मोसंबी. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दोन एकर बाग होती, दोनशेच्या वर झाडं, सगळी हातानं वाढवलेली. मोसंबीचं झाड लावल्यापासून फळाला यायला चार-पाच वर्षं घेतं, त्यामुळे माणूस झाडात अडकून पडतो; सरकीसारखं यंदा गेलं तर पुढच्या वर्षी बघू, असं नसतं. विहीर आटली, बोअर उचक्या देऊ लागला. अण्णांनी फांद्या छाटल्या, बुडाशी सरमड अंथरलं, टँकरचं पाणी विकत घेऊन प्रत्येक आळ्यात मोजून ओतलं. झाड आधी पानं मुरडतं, मग पानं टाकतं, मग शेंड्याकडून खाली वाळत येतं. शेवटी कुऱ्हाड लावली आणि लाकूड जळणाच्या भावानं गेलं.

त्या उन्हाळ्यात घरी प्रार्थनेला मंडळीतले लोक आले होते. त्यांतल्या एका वडीलधाऱ्यानं आधी अनुवाद २८ वाचला, डोक्यावरचं आकाश पितळेचं आणि पायाखालची जमीन लोखंडाची होईल तो भाग. मग मलाखी ३, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग दिला की देव आकाशकपाटं उघडून आशीर्वाद ओततो तो भाग. आणि मग म्हणाले, “अण्णा, राग मानू नका, पण घरात कुठंतरी आखान लपलाय. शोधा.” ख्रिस्ती घरात वाढलेल्याला आखान सांगावा लागत नाही. यहोशवाच्या काळात चोरलेला माल तंबूत पुरून ठेवणारा, ज्याच्यामुळे सगळ्या इस्राएलाचा पराभव झाला तो. दुसऱ्या एकांनी भर घातली, की हा पिढीजात शापही असू शकतो, पूर्वज मरीआईचे भक्त होते ना. चहा झाला, लोक गेले. अण्णांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी सोसायटीच्या कर्जाच्या पैशातून दशांश भरला. आणि प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीची भाकर वाटतात तेव्हा, उठून पुढे गेले नाहीत. ‘अयोग्य प्रकारे’ भाकर खाणाऱ्यावर न्याय येतो ना, मग आधी आपल्यातला आखान सापडू दे. मग ते पुढे जाईनातच. भाकरीचं ताट आलं की ते उठून बाहेर नळावर पाणी प्यायला जायचे.

मी तेव्हा लग्न होऊन जालना शहरात राहत होते, बियाण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. उगवणशक्ती तपासायचं काम. माझा भाऊ सरळ म्हणाला, “असला देव मला नको,” आणि चर्च सोडलं. मी सोडलं नाही, पण प्रार्थना करताना डोळे मिटले की मलाही त्या वडीलधाऱ्याचाच चेहरा दिसायचा.

आमच्या भागात एक निवृत्त पाळकसाहेब राहत. त्यांच्याकडे गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा माणसं जमायची. मी गेले ती भांडायलाच गेले होते. साहेबांनी ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं नाही. सगळ्यांना वहीचं एकेक पान फाडून दिलं आणि म्हणाले, “देवाचं नाव घेतल्याबरोबर आधी मनात काय येतं ते लिहा. वचन नको. खरं लिहा.” एकानं लिहिलं ‘हेडमास्तर’. रिक्षा चालवणाऱ्या एका भावानं लिहिलं ‘बिझी’. एका म्हाताऱ्या बाईंना लिहिता येत नव्हतं, त्या म्हणाल्या, “मोठा माणूस हाय. बोलावल्याबिगर कशाला जायाचं?” मी ‘वसुली’ लिहिलं. ‘प्रीती’ कुणीच लिहिलं नाही, आणि सगळे जन्मापासूनचे ख्रिस्ती.

साहेबांची पद्धत साधी होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात फिलिप्प नावाचा शिष्य म्हणतो, प्रभुजी, आम्हांला पिता दाखवा. येशू त्याला म्हणतो, ज्यानं मला पाहिलं त्यानं पित्याला पाहिलं आहे. साहेब म्हणायचे, हे जर खरं असेल, तर घटनेवरून देव वाचायचा नाही. पाऊस पडला म्हणून खूश आणि नाही पडला म्हणून नाराज, असं ठरवायचा तुम्हांला अधिकारच नाही. आधी येशू बघायचा, तो माणसांशी कसा वागतो ते, आणि मग तो चेहरा घेऊन घटनेकडे यायचं. त्यांनी लूकचं शुभवर्तमान काढलं आणि आम्ही ते ओळीनं वाचायला लागलो. घाई नाही. एका बैठकीत एखादाच प्रसंग. त्यात कोण आहे, त्याला लोक काय म्हणतात, येशू त्याला काय म्हणतो. बस.

सुरुवातीला मला हे फार पोरकट वाटलं. पण आठव्या अध्यायातल्या पेरणाऱ्याजवळ मी पहिल्यांदा थबकले. तो दृष्टांत मी शंभरदा ऐकला असेल, आणि दर वेळी ‘तुझी जमीन कशी आहे’ हाच प्रश्न मला धाक घालायचा. आता आमच्या लाइनीतली माणूस म्हणून वाचलं. सरकीची पिशवी आठ-नऊशेची, त्यामुळे शेतकरी एकेक बी मोजून टोबतो. बांधावर एक दाणा पडला तरी वाकून उचलतो. आणि हा दृष्टांतातला पेरणारा वाटेवर टाकतो, खडकावर टाकतो, काट्यांत टाकतो. असा माणूस आमच्याकडे असता तर घरच्यांनी त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली असती. उगवणार नाही हे दिसतंय तिथेही हा मूठ आवरत नाही. माझ्या पानावरच्या ‘वसुली’ला तो पहिला तडा.

तेराव्या अध्यायाशी आलो आणि तिथे आम्ही अडकलो. पुढे सरकायला कुणी तयार होईना.

अध्याय सुरू होतो तो बातमीनं. रोमी सुभेदार पिलातानं काही गालीली लोकांना यज्ञ करत असतानाच मारलं, हे लोक येशूला येऊन सांगतात. त्यांच्या मनातला प्रश्न येशूच बोलून दाखवतो: हे सोसावं लागलं म्हणून ते बाकीच्या गालीली लोकांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच म्हणतो, मी सांगतो, नाही. मग स्वतःहून दुसरी बातमी काढतो. शिलोहातला बुरूज कोसळला आणि अठरा माणसं दबून मेली. ते यरुशलेमेतल्या सगळ्यांपेक्षा अपराधी होते का? पुन्हा तेच, नाही.

साहेबांनी विचारलं, “किल्लारी कुणाला आठवते?” सगळ्यांनाच आठवत होती. गटात औशाकडच्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, तिकडची घरं माळवदाची. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर लाकडी तुळयांवर मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून बांधलेली. भूकंपात त्या भिंती फाकल्या आणि ती सगळी माती झोपलेल्यांवर आली. “माझी मावशी गेली,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणायचे पाप. माळवद होतं ते.” बुरूज कोसळून मेलेल्यांबद्दल लोकांच्या मनात जो प्रश्न होता तोच आपण विचारत बसलो होतो, आणि उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीच देऊन झालं होतं. लूक १३ त्या प्रचारकांच्या बायबलमध्येही होताच.

पण रिक्षावाल्या भावानं अडवलं. “साहेब, पुढचं वाचा की. ‘पश्चात्ताप केला नाही तर तुम्हा सर्वांचा असाच नाश होईल.’ म्हणजे धाक हायच.” खरंच आहे ते, दोन्ही वेळा आहे. यावर दोन-तीन बैठका गेल्या असतील. शेवटी आमच्या हाताला जे लागलं ते असं: इशारा मेलेल्यांबद्दल नाही, मेलेल्यांच्या पापाचा हिशोब करणाऱ्या जिवंत माणसांना आहे. आणि लगेच त्याच्या खाली अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आहे. फळ नाही म्हणून मालक तोडा म्हणतो, माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी आळं खणतो, खत घालतो. आमच्या घरी त्या कुऱ्हाडीच्या आधी काय काय करून बघितलं होतं ते मी सांगितलं. पाणी विकत घेतलेलं, सरमड अंथरलेलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की दृष्टांत ऐकताना मी कायम ते झाड व्हायची आणि मालकाकडे बघायची. माळ्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. अण्णांना बघून बघून डोळ्यांसमोर असलेला माळी.

त्याच अध्यायात पुढे कमरेतून वाकलेली बाई आहे, अठरा वर्षं वाकलेली. ती मागत नाही, ओरडत नाही. येशूच तिला बघतो आणि बोलावतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, की शब्बाथ दिवशी, विश्रांतीच्या दिवशी, कशाला? येशू तिला अब्राहामाची कन्या म्हणतो, आणि तिला सैतानानं बांधलं होतं म्हणतो. देवानं वाकवलं, तिच्या पापानं वाकवलं, यातलं काहीच म्हणत नाही. ते वाचल्यावर त्या म्हाताऱ्या बाई, ज्या बोलावल्याशिवाय जाणार नव्हत्या, त्यांनी विचारलं, “तिला त्यानं आवाज देला?” हो म्हटलं. “सगळ्यांदेखत?” हो. त्यांनी परत वाचायला लावलं. जन्म कापूस वेचण्यात गेलेल्या, त्यांचीही पाठ सरळ नव्हती. ती काही सरळ झाली नाही, हेही सांगते, कारण आजकाल असल्या प्रसंगाच्या शेवटी पाठ सरळ झाल्याचीच साक्ष ऐकायची सवय लागली आहे.

ती सवय आम्हांला महागात पडलेली आहे. आईला साखर. प्रार्थनेनं आजार बरे करायच्या एका आरोग्यसभेत तिला सांगितलं गेलं, की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. तिनं गोळ्या बंद केल्या, आणि शेवटी दवाखान्यात भरती करावी लागली. बरी होऊन आली तर म्हणे विश्वास कमी पडला. यावर साहेबांनी फार बोलणं केलं नाही, तीन जागा दाखवल्या. प्रेषित पौल लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपला सहकारी तीमथ्य याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि त्रफिम आजारी होता त्याला मिलेतात सोडून आलो, असं स्वतः लिहितो. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला कुणी धजत नाही. आईनं त्या तीन जागांत बायबलमध्ये गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खुणेला घातल्या आहेत.

पिढीजात शापाचं प्रकरण त्या मानानं लवकर निकालात निघालं. यहेज्केल १८ वाचला. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात यापुढे चालायची नाही, असं तिथे परमेश्वर शपथेवर सांगतो. जुन्या करारात. हे मुद्दाम सांगायचं कारण, जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ ही समजूत आमच्यातही होती. फार जुनी समजूत ती. दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या माणसानं नेमकं तेच शिकवलं आणि १४४ साली रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. निर्गम ३४ मध्ये मोशेसमोरून जाताना परमेश्वर स्वतःची ओळख स्वतः करून देतो, ती ‘दयाळू व कृपाळू देव, मंदक्रोध’ अशी. कराराच्या कोशाला हात लावला म्हणून जागीच मेलेल्या उज्जाचं आणि पैशाबद्दल खोटं बोलून तसेच मेलेल्या हनन्या-सप्पीराचं काय, हा प्रश्न तरी उरतोच. तो आम्ही उरू दिला.

आता एवढं वाचून कुणाला वाटेल, की आम्ही आमच्या सोयीचा, गालातल्या गालात हसणारा आजोबा-देव तयार केला. मलाही मध्यंतरी तशी शंका यायची. ती घालवली बीडच्या एका बाईंनी. त्यांच्या माहेरची माणसं दरवर्षी कोयता घेऊन कारखान्याला जाणारी. मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास घर सोडायचं, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जायचे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा त्या बैठकीत म्हणाल्या, “माझ्या भावजयीची तिसाव्या वर्षी पिशवी काढली. पाळीचा खाडा नको म्हणून. माझ्या देवाला याचा राग येत नसेल तर काय कामाचा तो?” आम्ही याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे. देवाच्या रागाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो राग कायम आमच्यासारख्यांवरच असायचा. कर्जात बुडालेल्यांवर, वाळलेल्या बागांवर. तो मजुरी अडकवणाऱ्यांवरही असू शकतो, आणि तो नसता तर प्रीतीलाही अर्थ नसता, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

पावसाचंही तसंच. मत्तयाच्या पाचव्यात आहे, की तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. मराठवाड्यात बसून वाचलं की कळतं, इथे पाऊस म्हणजे देणगी आहे, आणि ती तो माणसं न निवडता देतो म्हणे. मग २०१३ चं काय? त्या वर्षी पाऊस आमच्याच शेतावर रुसला नव्हता. देवळाच्या, दर्ग्याच्या, चर्चच्या सगळ्या गावांत टँकर होते. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, हे आम्ही भूगोलात शिकलोय. जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर नाशिक-नगर आणि आपण भांडतोय, उसाला पाणी किती जातं तेही सगळ्यांना माहीत आहे. एवढं सगळं समोर असताना अण्णांच्या घरात आखान शोधणं हे देवालाही अन्यायाचं होतं आणि अण्णांनाही.

अण्णांना या बैठकींचं कौतुक नव्हतं. “शिकल्यासवरल्यांचं काम,” म्हणायचे. एकदा बीपी तपासायला जालन्याला आले आणि गुरुवार निघाला, म्हणून बसले. त्या दिवशी ईयोबाचा शेवटचा अध्याय होता. ईयोब म्हणजे काही दोष नसताना मुलं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेला माणूस. त्याचे मित्र सबंध पुस्तकभर त्याला सांगत असतात, की तू काहीतरी केलं असशील, कबूल कर. म्हणजे आमच्या घरी झालेलीच प्रार्थनासभा. शेवटी परमेश्वर बोलतो तो त्या मित्रांतल्या अलीफजाला: तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. त्यांनी सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जायचं आणि ईयोबानं त्यांच्यासाठी प्रार्थना करायची.

अण्णा पुढे सरकून बसले. “थांबा. दंड कुणाला झाला म्हणले?”

“मित्रांना,” साहेब म्हणाले.

“देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना?”

“व्हय.”

“सात बैल?” अण्णा जालन्याच्या जनावरांच्या बाजारातला माणूस. ओठ हलवत त्यांनी हिशोब केला आणि मोठ्यानं हसले. “अन् वर सात मेंढे! उठला की हो त्यांचा बाजार!” त्यांना इतकं हसताना आम्ही बाग गेल्यापासून बघितलं नव्हतं. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, “ईयोब तर केवढा भांडला व्हता देवाशी. तरी त्याचंच खरं धरलं.”

त्यानंतर साहेबांनी त्यांना करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय स्वतः शेजारी बसून वाचून दाखवला. पौल रागावला होता तो श्रीमंत आधी येऊन खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत यावर. ‘अयोग्य प्रकारे’ म्हणजे ते. कर्जबाजारी शेतकऱ्यानं नळावर जाऊन उभं राहावं यासाठी ते लिहिलेलं नाही. अण्णांनी लगेच काही मान्य केलं नाही. पण ईस्टरला पुढे गेले. वडीलधारे शेजारीच होते, अण्णांनी ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, “घ्या. तुमच्यासाठी प्रार्थना केलीय मी.” त्यात ईयोब किती आणि खोडसाळपणा किती ते मला विचारू नका.

माझं म्हणाल तर पोटातला गोळा पूर्ण गेला असं नाही. मुलाला ताप आला की हात आपोआप मागची पानं चाळायला जातो. फरक एवढा, की आता ते चालू झाल्याचं कळतं, आणि मी तेरावा अध्याय काढते. त्याच अध्यायाच्या शेवटी येशू यरुशलेमेकडे बघून म्हणतो, कोंबडी जशी पिल्लांना पंखांखाली घेते तसं तुम्हांला घ्यायचं कितीदा माझ्या मनात होतं. देवाला आई म्हणायला आमच्यातले काही जण बिचकतात. गंगाखेडच्या जनाबाईचा विठोबा तिच्याबरोबर दळायला बसतो, हे ऐकत मोठे झालेले आम्ही. आणि यशया ६६ मध्ये परमेश्वर स्वतः म्हणतो, आई मुलाचं सांत्वन करते तसं मी करीन, तर तिथे अडखळतो.

भाऊ अजून चर्चला येत नाही. ईयोबाची गोष्ट त्याला मी फोनवर सांगितली. म्हणाला, “हा देव तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितला?” पुढे बोलणं झालं नाही, पण नाताळला जेवायला आला होता.

मंडळीत सध्या वाद चालू आहे तो साक्षीच्या वेळेवरून. रविवारी लोक उठून सांगतात, देवानं बोअरला अडीच इंच पाणी दिलं, पोराला नोकरी दिली. चांगलंच आहे. पण ज्याचा बोअर कोरडा गेला तो शेजारीच बसलेला असतो. म्हणून आम्ही काही बायकांनी सुचवलं, की ज्याला काही मिळालं नाही त्यालाही त्याच वेळी उठून बोलता यावं, निदान एखादं स्तोत्र वाचता यावं. गेल्या महिन्यात एक विधवा बाई उठल्या आणि त्यांनी स्तोत्र १३ वाचलं, ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ तेच. कमिटीतल्या एकांनी लगेच हरकत घेतली, की याला साक्ष म्हणत नाहीत, यानं नव्या लोकांचा विश्वास डळमळतो. नव्या पाळकांनी त्यांना सांगितलं, स्तोत्रसंहितेतून तक्रारीची स्तोत्रं काढली तर पुस्तक फार बारीक होईल. त्यांना पटलेलं नाही. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर त्यांनी तो विषय लेखी दिला आहे, आणि अण्णा म्हणतात मी पण येणार.